पालीची वाटी: चिनी दगडी पेल्यातून प्यावं की नाही?

अरुंधती_प

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून तीन दिवस अबोला चाललाय, म्हणून इथे विचारते.

माझे आजोबा (आईचे वडील) फोर्टातल्या एका पारशी पेढीवर मेहताजी होते. पेढी बंद झाली तेव्हा शेठनी आवराआवरीत त्यांना एक वाटी दिली. "चिनी आहे, सांभाळा," एवढंच म्हणून. आम्ही सगळे आजवर तिला चिनी मातीची समजत होतो, पण ती आहे दगडाची. फिकट शेवाळी रंग, एका अंगाला चहा सांडल्यासारखा तपकिरी पट्टा, तोही दगडातलाच. तळहातात मावते. दोन बाजूंना दोन कान, आणि प्रत्येक कान म्हणजे काठावर पुढचे पाय टेकवून आत डोकावणारी एक पाल! शेपटीला टोकाशी दोन फाटे. आजीने बघताक्षणी निकाल दिला होता, "पाली बसलेल्या भांड्यातून कोण काय पिणार?" तेव्हापासून तिच्यात सुट्टी नाणी असतात. घरात तिचं नावच पालीची वाटी.

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने नाणी टेबलावर ओतली, वाटी धुतली आणि तिच्यातून ब्लॅक कॉफी प्यायला. आई ओरडली. भाऊ म्हणतो, हे अस्सल जेड आहे, लाखोंचा ऐवज, लॉकरमध्ये ठेवा नाहीतर विकून टाकू. भाचा म्हणतो, पिण्याचं भांडं आहे तर प्यायचं नाही तर काय करायचं?

तर प्यावं, कपाटात ठेवावं, की चिल्लरच बरी? फोटो डकवलेत.

बंड्यानाना

फोटो दिसत नाहीयेत.

खमंग_काकडी

मलाही नाही. तरी भाच्याच्या बाजूने माझं एक मत नोंदवा.

सासवडचा_सदा

पंचांगात पल्लीपतनाची फळं दिलेली असतात. पाल डोक्यावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय. पाल कॉफीत डोकावली तर काय, हे मात्र कुठेच नाही. पंचांगकर्त्यांना कळवायला हवं. (हलकेच घ्या.)

शांघायरिटर्न

ताई, त्या पाली नाहीत. तो 'छ्री' म्हणजे बिनशिंगांचा ड्रॅगन. मांजरासारखं तोंड, सरड्यासारखं अंग, आणि तुम्ही म्हणता तशी टोकाशी फुटलेली शेपटी. मिंग आणि छिंग काळातल्या (साधारण चौदावं ते विसावं शतक) दगडी पेल्यांना असे कान भरपूर दिसतात. तुमच्या आजींनी अपशकुन मानला तो तिकडे शुभ आहे. वटवाघळाचंही तसंच, चिनी भाषेत त्याचा उच्चार 'सुदैव' या शब्दासारखा होतो म्हणून कपबशांवर सगळीकडे वटवाघळं.

नोकरीनिमित्त सहा वर्षं तिकडे होतो, दर सुट्टीला संग्रहालयं. दोन पेले डोक्यातून जात नाहीत.

पहिला ग्वांगचौचा. १९८३ साली तिथे एका टेकडीवर इमारतीसाठी खोदकाम चालू असताना नान्युए या दक्षिणेकडच्या जुन्या राज्याच्या राजाचं थडगं सापडलं. हा राजा इसवी सनपूर्व १२२ च्या सुमारास वारला. रेशमी धाग्यांनी ओवलेल्या जेडच्या तुकड्यांचा अख्खा पोशाख घालून त्याला पुरलं होतं. त्याच्याबरोबर शिंगाच्या आकाराचा जेडचा एक पेला निघाला. खालचं टोक वळून वर येतं आणि पेल्याच्याच अंगाला वेलीसारखं बिलगतं. एकाच दगडातून. काचेला नाक लावून उभा होतो तेव्हा पहारेकऱ्याने दोनदा हटकलं.

दुसरा शीआनचा. १९७० मध्ये शहराच्या दक्षिणेला हजिया नावाच्या गावात रांजणांतून पुरलेला तांग काळातला (सातवं ते दहावं शतक) खजिना सापडला, त्यातला अकीकाचा पेला. तांबूस-तपकिरी पट्ट्यांचा दगड, पुढे शिंगवाल्या जनावराचं डोकं, मुस्कटाला सोन्याचं बूच. लांबी जेमतेम वीतभर. कारागिराने दगडातले पट्टे असे पकडलेत की जनावराच्या अंगावर उजेड पडल्यासारखा वाटतो. चीनने २००२ मध्ये परदेशी प्रदर्शनांना पाठवायच्या नाहीत अशा ६४ वस्तूंची यादी केली, तिच्यात हा आहे.

दोन्हींचा घाट इराणी-ग्रीक पानपात्रांवरून आलेला. म्हणजे 'चिनी' पेलासुद्धा निम्मा पाहुणाच!

गारगोटी

निवृत्त भूशास्त्र शिक्षक. फोटो मलाही दिसत नाहीत, त्यामुळे दगडाबद्दल अंदाज मारत नाही. कोणीही मारू नये. 'जेड' हे एका दगडाचं नाव नाही, तिथूनच सुरुवात करू.

नेफ्राइट आणि जेडाइट हे दोन वेगळे दगड. वेगळे आहेत हे १८६३ साली दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं. जुनं चिनी जेड म्हणजे बहुतांशी नेफ्राइट, खोतानच्या (आजच्या चीनच्या पश्चिम टोकाच्या शिनजियांगमधल्या) नद्यांच्या पात्रातून वेचलेला. ब्रह्मदेशचं हिरवंगार जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आलं ते अठराव्या शतकापासून. बाजारात 'जेड' म्हणून जे विकलं जातं त्यात याशिवाय सर्पेंटाइन, रंगवलेली गार (क्वार्ट्झ), संगजिरं आणि चक्क काचही असते.

घरच्या घरी करता येईल अशी एकच चाचणी सांगतो. ओरखडा काढू नका. सुई, सुरी, ब्लेड काहीही लावू नका! घनता काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. वाटीचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा, वाटी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. जो आकडा येईल तेवढं पाणी वाटीने बाजूला सारलं. पहिल्या वजनाला दुसऱ्या आकड्याने भागा. जेडाइट ३.३ च्या आसपास, नेफ्राइट २.९ ते ३, सर्पेंटाइन २.६ च्या आसपास, अकीकही तितपतच, काच साधारण २.५. बुडबुडे बोटाने पुसून काढा, या कानांच्या बेचक्यांत हटकून अडकतात.

चोरबाजारी

वीस वर्षं जुन्या वस्तूंत आहे, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर उठबस आहे म्हणून नावही तेच घेतलंय. ताई, भावाला सांगा, लॉकरचं भाडं आधी भरू नका. माझ्याकडे वर्षाला वीस-पंचवीस 'चिनी राजघराण्यातले पेले' येतात. तळाला चार चिनी अक्षरं कोरलेली असतात, की झाला सम्राटाचा पेला. चीनमध्येही हेच होतं. मिंग काळात सूचौला लू झगांग नावाचा जेडचा नामी कारागीर होऊन गेला. त्याची सही एवढ्या वस्तूंवर आहे की त्याने सात जन्म घेतले असते तरी पुरे पडले नसते.

आणि जुनेपणाचं सोंग काय आजचं आहे का? नवा दगड आलुबुखारासारख्या आंबट फळांच्या रसात उकळायचा, म्हणजे पुरून वर काढल्यासारखा दिसतो. मेलेल्या कुत्र्याच्या पोटात घालून पुरायचा, जिवंत मेंढीच्या मांडीत शिवून ठेवायचा, असे प्रकार जुन्या चिनी रसिकांनीच लिहून ठेवलेत. तुमचा तो 'चहा सांडल्यासारखा पट्टा' ऐकून मला हेच आठवलं.

अरुंधती_प

@चोरबाजारी, कुत्र्याचं वाचून आईने वाटी बाल्कनीत नेऊन ठेवली आहे. धन्यवाद!

भायखळावाली

पेढीची गोष्ट मला खरी वाटते. मुंबईहून कापूस आणि अफू कँटनला (म्हणजे आजच्या ग्वांगचौला), आणि येताना चहा, रेशीम, चिनी भांडी, हा पारशी व्यापाऱ्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात जोरात होता. सर जमशेटजी जीजीभॉयसुद्धा तरुणपणी चीनच्या फेऱ्या करूनच मोठे झाले. भरतकामाच्या गारा साड्या त्याच वाटेने आल्या. माझ्या लहानपणी शेजारच्या मावशींच्या कपाटात चिनी फुलदाण्या, हस्तिदंताचे पंखे आणि एक हिरवा दगडी बुद्ध एकमेकांना चिकटून उभे असायचे. कोणी त्याला 'संग्रह' म्हणत नव्हतं, 'काकाजीचा सामान' म्हणायचे.

अस्सल बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (आमच्या पिढीचं प्रिन्स ऑफ वेल्स) जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांचे संग्रह तिथे आहेत, चिनी जेडसुद्धा. वाटी डोळ्यांपुढे आणून तिथल्या पॉलिशशी ताडून बघा.

इतिहासाचा_पेपर

शाहजहानचा तो प्रसिद्ध बकऱ्याच्या डोक्याचा पेलाही चिनीच ना? लंडनला आहे तो?

शांघायरिटर्न

नाही हो. तो मुघल कारखान्यातला, १६५७ चा. पांढरं नेफ्राइट, अर्ध्या भोपळ्याचा आकार, खाली कमळ, मूठ म्हणजे मान वळवलेलं बकऱ्याचं डोकं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

पण तुमची चूक अगदीच चूक नाही. देवाणघेवाण दोन्हीकडून होती. समरकंदच्या उलुघ बेग या राज्यकर्त्याचा पांढऱ्या जेडचा एक जग लिस्बनला गुलबेंकियन संग्रहालयात आहे. त्याचा कान चिनी ड्रॅगनचा, आणि अंगावर पुढे जहांगीर आणि शाहजहान दोघांनी आपापली नावं कोरून घेतलेली. नंतर उलट झालं. १७५९ मध्ये चीनच्या छ्यानलुंग सम्राटाने खोतानचा मुलूख जिंकला, दगड थेट दरबारी येऊ लागला, आणि त्याच वाटेने हिंदुस्थानी जेडची भांडीही पोचली. कागदासारखी पातळ, फुलापानांची. सम्राट वेडा झाला. त्यांच्यावर कविता केल्या, त्या भांड्यांवरच कोरवल्या आणि आपल्या कारागिरांना तसं करून दाखवा म्हणून मागे लागला.

खमंग_काकडी

म्हणजे पाहुण्यांच्या भांड्यांवर स्वतःचं नाव घालणारा. आमच्या सोसायटीतही एक आहेत, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांवर.

पैठणकर

अकीकाचा विषय निघालाच आहे तर, तो दगड आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार होतो. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्या भरभरून असे दगड भडोचला जात असल्याची नोंद आहे. तेव्हा तो शीआनचा पेलाही मूळचा...

बंड्यानाना

...मूळचा औरंगपुऱ्यातला. पुढे?

गारगोटी

@पैठणकर, नोंद बरोबर, निष्कर्ष नको. अकीक जगात पुष्कळ ठिकाणी मिळतो.

आधी एकजण 'कोरलेला' म्हणून गेले त्याबद्दल. नेफ्राइट छिन्नीने कोरता येत नाही. कठीणपणा मोहच्या मापावर ६ ते ६.५, म्हणजे गारेपेक्षा कमीच, पण आतले तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले. हातोडा मारला तर गार फुटेल, हा फुटत नाही. म्हणून तो घासावाच लागतो. पायाने फिरवायच्या चरकावर लोखंडी चकती, तिच्यावर ओली वाळू किंवा कुरुंदाची पूड. कापते ती पूड, चकती नुसती तिला दाबून धरते. पेला पोखरायचा तर नळीने भोक पाडून मधला गाभा मोडून काढायचा, आणि मग आतून कित्येक आठवडे घासत बसायचं. चिनी म्हणच आहे, 'जेड घासल्याशिवाय भांडं होत नाही', विद्यार्थ्यांना ऐकवतात.

तेव्हा ताई, आतल्या बाजूला आणि पालींच्या पोटाखाली भिंगाने बघा. जिथे बोट पोचत नाही तिथलं पॉलिश खरं बोलतं. हल्लीच्या हिऱ्याच्या बिटाने केलेलं असेल तर एकसारख्या बारीक समांतर रेघा दिसतील.

अरुंधती_प

केली घनता! वाटीचं वजन १८६ ग्रॅम. पाण्यात १८६ ग्रॅम. भागाकार बरोबर १. गारगोटी सर, हा कुठला दगड?

सासवडचा_सदा

बर्फ.

गारगोटी

ताई, वाटी पातेल्याच्या बुडाला टेकली आहे. दोऱ्यावर लोंबकळती ठेवा. पाण्यात पूर्ण, पण कुठेही न टेकता.

अरुंधती_प

भाच्याने दोरा धरला, मी आकडा वाचला. ७२. तीनदा केलं, दोनदा ७२, एकदा ७३.

१८६ भागिले ७२ म्हणजे २.५८.

भाऊ शेजारी उभा होता. त्याने मोबाईल काढून पुन्हा भागाकार केला. मग म्हणाला, काट्याचे सेल गेले असतील.

चोरबाजारी

काही बोलत नाही.

गारगोटी

नेफ्राइट नाही, जेडाइट तर नाहीच. सर्पेंटाइन, अकीक किंवा काच यांतलं एक. काच असेल तर भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात. रंगाच्या वर्णनावरून माझा कल सर्पेंटाइनकडे आहे.

पण यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. चिनी भाषेतला 'यू' (जेड) हा शब्द आमच्या खनिजशास्त्रापेक्षा ऐसपैस आहे. ल्याओनिंगमधल्या श्यूयेनचं सर्पेंटाइन तिथे हजारो वर्षं 'यू' म्हणूनच घडवलं जातंय. गान्सूतल्या च्युछुआनला चीलियान डोंगरातल्या गडद हिरव्या सर्पेंटाइनचे पातळ दारूचे पेले करतात, 'रात्री उजळणारा पेला' म्हणून. तांग काळातल्या कवितेत द्राक्षाच्या दारूबरोबर असाच पेला येतो, शाळकरी पोरांनाही पाठ असते ती.

शांघायरिटर्न

यावरून खरा किस्सा. बीजिंगला पेइहाई बागेच्या तोंडाशी गोल तटबंदीच्या आवारात एक प्रचंड दगडी कुंड आहे. कुबलाई खानाने १२६५ मध्ये मेजवानीच्या दारूसाठी करवून घेतलं. साडेतीन टनांच्या आसपास वजन, बाहेरून लाटा, आणि लाटांत ड्रॅगन, घोडे, डुकरं पोहताहेत. राजवट गेली, कुंड कुठल्याशा ताओपंथी मंदिरात जाऊन पडलं. आणि तिथल्या साधूंनी त्यात काय केलं? भाजीचं लोणचं घातलं! वर्षानुवर्षं. शेवटी १७४५ मध्ये छ्यानलुंगच्या कानावर गेलं, त्याने पैसे मोजून ते परत आणलं, मंडप बांधला, आणि आत (अर्थातच) स्वतःची कविता कोरवली.

त्या कुंडाला ज्या दुशान डोंगरातल्या दगडाचं नाव आहे, तो दगडही गारगोटी सरांच्या व्याख्येत जेड नाही.

मेतकूट

लोणचं ऐकून धाग्यावर आले. साडेतीन टनी बरणी! मीठ किती लागत असेल?

वाचनमात्र

एक गंभीर शंका. सर्पेंटाइन म्हणजे अॅस्बेस्टॉसचाच भाऊबंद ना? त्यातून प्यायचं?

गारगोटी

शंका रास्त. सर्पेंटाइन कुळातलं तंतुमय खनिज म्हणजे अॅस्बेस्टॉसचा एक प्रकार, खरं आहे. पण पेले ज्या दगडाचे करतात तो घट्ट पोताचा, तंतू सुटे नसलेला. धोका भुकटी श्वासात जाण्याचा. म्हणून कानस, पॉलिश पेपर, ड्रिल काही लावू नका. माझा आक्षेप वेगळा आहे. दगड मऊ आहे, आंबट पदार्थांनी पॉलिश मरतं. लिंबू, ताक, कोकम सरबत नको. उकळतं काही नको. जुनी डागडुजी कुठे असेल तर ती सुटेल.

इतिहासाचा_पेपर

भावांना हेही सांगा की शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येईल. मग परदेशातलं गिऱ्हाईक परस्पर गाठता येणार नाही.

अरुंधती_प

शेवटचं लिहिते, मग धागा कुठेही भरकटू दे.

काल दुपारी भिंग घेऊन वाटी उलटी केली. बुडबुडे नाहीत. पालींच्या पोटाखाली पॉलिश मंद आहे, मेणासारखं, रेघा नाहीत. आणि तळाच्या कड्याच्या आत एक बारीक सरळ ओरखडा दिसला. पांढुरका, जेमतेम अर्धा सेंटीमीटर, पण मुद्दाम काढलेला. आईला दाखवला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो नानांचा (म्हणजे माझ्या आजोबांचा). झवेरी बाजारात ओळखीच्या सराफाकडे नेली होती त्यांनी, मी सातवीत होते. त्याने सुई ओढून बघितली. म्हणाला, सुईने उठतंय, मऊ दगड आहे, ठेवा घरात. म्हणून तर चिल्लर ठेवली."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "कोणी विचारलं?"

भाऊ आता बोलतोय. भाच्याला कॉफी बंद, गार पाणी चालेल असं ठरलं. संध्याकाळी आईने स्वतः त्यातून माठातलं पाणी प्यायलं, पहिल्यांदाच. पालींना अंगठ्याने दोन्हीकडून धरून. म्हणाली, काठ जाड आहे, ओघळ येतो. मग पुसली आणि टेबलावरची चिल्लर परत आत टाकली, सकाळी दूधवाला येणार म्हणून.

गारगोटी

सुईने उठतंय म्हणजे अकीक नाही. सर्पेंटाइनच. सराफ माझ्या चार पावलं पुढे होता, पण ओरखडा काढायला नको होता.

चोरबाजारी

रेघा नाहीत आणि पॉलिश मेणासारखं, हे वाचलं. कधी भायखळ्याकडे आलात तर वाटी घेऊन या. विकत घेणार नाही, नुसती हातात धरायची आहे.

बंड्यानाना

फोटो अजून दिसत नाहीयेत.